बुडालेल्या गावाची भाषा

१

आल्प्सच्या चित्रकार्डांत एक चित्र हमखास असते. निळे तळे, मागे बर्फाची शिखरे, आणि काठापासून थोड्याच अंतरावर पाण्यातून सरळ वर आलेला एक दगडी मनोरा. चर्च नाही, गाव नाही, नुसता मनोरा. माझ्या पुतण्याने म्युनिकहून पाठवलेले असे एक कार्ड कितीतरी दिवस माझ्या टेबलाच्या काचेखाली होते. मागच्या बाजूला त्याने लिहिले होते : 'काका, या मनोऱ्यावर एक कादंबरी आहे. तुम्ही सीमाभागातले, तुम्हाला नक्की आवडेल.'

पुढे त्याने पुस्तकही पाठवले. मार्को बाल्झानो या इटालियन लेखकाची 'रेस्तो क्वी', म्हणजे 'मी इथेच राहते'. २०१८ मध्ये मूळ कादंबरी आली, त्या वर्षी इटलीच्या मानाच्या स्ट्रेगा पुरस्कारात ती दुसरी ठरली. माझ्या हाती आला तो जिल फाउलस्टन यांनी केलेला इंग्रजी अनुवाद. माझे इटालियन आणि जर्मन दोन्ही शून्य आहे, हे आधीच सांगितलेले बरे. पुढचे सगळे म्हणणे या मर्यादेत घ्यावे.

'तुम्ही सीमाभागातले' हे पुतण्याचे वाक्य मात्र मला थोडे खटकले होते. भाषेवर अन्याय झाल्याची गोष्ट दिसली की आपण तिच्यात लगेच स्वतःला पाहतो, डोळे पुसतो, आणि पुस्तक वाचायचे राहूनच जाते. म्हणून ठरवले, आधी ही कादंबरी तिच्या स्वतःच्या डोंगरावर उभी राहून वाचायची. आपला प्रश्न नंतर.

२

तो डोंगर कोणता, हे थोडक्यात सांगायला हवे. ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड आणि इटली यांच्या सीमा जिथे जवळ येतात तिथे रेशेन नावाची खिंड आहे, सुमारे दीड हजार मीटर उंचीवर. तिथून उगम पावणारी नदी जर्मनमध्ये एट्श, इटालियनमध्ये आदिजे. ती ज्या खोऱ्यातून खाली उतरते त्याचे नाव फिन्शगाऊ. खोऱ्याच्या माथ्याशी, खिंडीच्या अगदी खाली, ग्राउन नावाचे गाव होते. इटालियनमध्ये कुरोन. माणसे शेतकरी, गुराखी, सुतार. भाषा जर्मन, म्हणजे तिरोलची जर्मन बोली.

पहिल्या महायुद्धापर्यंत हा मुलूख ऑस्ट्रियाचा होता. युद्ध संपले आणि १९१९ च्या तहाने तो इटलीला मिळाला. गाव जागचे हलले नाही, सरहद्द हलली. १९२२ मध्ये मुसोलिनी सत्तेवर आला आणि पुढच्याच वर्षी एत्तोरे तोलोमेई या गृहस्थाने बोल्झानो शहरात बत्तीस कलमांचा एक कार्यक्रम जाहीर केला. गावांची, नद्यांची, डोंगरांची नावे इटालियन करायची, कचेऱ्यांतून जर्मन काढायची, शाळा इटालियन करायच्या. नावांची यादी त्याने १९१६ सालीच तयार करून ठेवली होती. शाळांत इटालियन आले तेही पायरीपायरीने : पहिल्या वर्षी पहिली इयत्ता, पुढच्या वर्षी दुसरी. एकेक इयत्ता अशी पुसली गेली.

त्याला उत्तर म्हणून मिखाएल गाम्पर या धर्मगुरूच्या आवाहनातून गुप्त शाळा निघाल्या. आद्य ख्रिस्ती लोक जमिनीखालच्या भुयारांत प्रार्थना करीत, त्यावरून त्यांना 'भुयारी शाळा' असे नाव पडले. तरुण मुली गोठ्यांत, माळ्यांवर, तळघरांत मुलांना जर्मन लिहायला-वाचायला शिकवीत. पकडल्या गेल्या तर दंड, तुरुंग, हद्दपारी.

मग १९३९ साली हिटलर आणि मुसोलिनी यांच्यात करार झाला. या लोकांनी वर्षअखेरपर्यंत निवड करायची : जर्मन राहायचे असेल तर गाव सोडून जर्मनीच्या राज्यात जा, गावात राहायचे असेल तर इटालियन व्हा. भाषा घ्या किंवा जमीन घ्या. बहुसंख्यांनी जाण्याच्या बाजूने नाव नोंदवले, प्रत्यक्षात सुमारे ७५ हजार गेले. राहणाऱ्यांना जाणाऱ्यांनी गद्दार म्हटले. घरे फुटली.

आणि हे सारे सोसून जे राहिले, त्यांच्या वाट्याला धरण आले. पाणी पाच मीटरनेच वाढेल असे आधी ठरले होते, नंतर आराखडा बावीस मीटरवर गेला. तशी सूचना लागली ती गावाला न येणाऱ्या इटालियन भाषेत. महायुद्धात थांबलेले काम नंतर मोंतेकातिनी कंपनीने पुन्हा सुरू केले. पाद्री आल्फ्रेड रीपर यांच्या पुढाकाराने गाऱ्हाणे थेट पोपपर्यंत गेले. उपयोग झाला नाही. १९५० च्या उन्हाळ्यात १६३ घरे आणि ५२३ हेक्टर जमीन पाण्याखाली गेली. चर्च पाडले. चौदाव्या शतकातला मनोरा पुरातन वास्तू म्हणून राखला.

माणसांची घरे पुरातन नव्हती.

३

बाल्झानोच्या कादंबरीची नायिका त्रिना ही अशाच एका भुयारी शाळेतली शिक्षिका. सबंध कादंबरी तिच्या तोंडून येते, आणि ती बोलते ते आपल्याशी नव्हे, मारिका या आपल्या हरवलेल्या मुलीशी. १९३९ च्या त्या निवडीच्या वर्षी मारिकाला तिची आत्या आणि आत्याचा नवरा आईबापांच्या नकळत घेऊन जातात. ती पुन्हा येत नाही. त्रिना तिला सगळे सांगत राहते : तुझ्या मागे काय झाले, तुझा बाप एरिक कसा युद्धावर गेला, कसा पळून आला, आम्ही डोंगरात कसे लपलो, तुझा भाऊ कसा नाझींच्या नादी लागला, आणि शेवटी पाणी कसे आले.

'तुला' हा एक शब्द या कादंबरीचा कणा आहे. इतिहासाची एवढी ओझी वाहणारी कथा 'आम्ही'च्या स्वरात सांगितली असती तर तिचे निवेदनपत्र झाले असते. 'मी'च्या स्वरात सांगितली असती तर आत्मकरुणा झाली असती. ती 'तू'ला सांगितली आहे, आणि तो 'तू' उत्तर देत नाही. त्यामुळे गावावरचा अन्याय हा या बाईच्या दृष्टीने दुसऱ्या क्रमांकाचा राहतो. पहिली जखम घरातली. एरिक धरणाविरुद्ध दारोदार फिरतो, आणि आपल्याला हळूहळू उमगते की मुलगी वाचवता आली नाही म्हणून हा माणूस गाव वाचवायला निघाला आहे. लेखक हे कुठेही उकलून सांगत नाही. ही संयमाची ताकद मला मोठी वाटली.

दुसरी गोष्ट खलपुरुषाची. धरणाच्या कंपनीचा माणूस येतो तो डोक्याला हॅट घातलेला, सभ्य, मृदू बोलणारा. त्याला नावही नाही. तो गावकऱ्यांना धमकावीत नाही, त्यांच्या नशिबाची कीव करतो. कादंबरीचा शेवटचा भाग, ज्याचे नाव 'पाणी', तो या माणसाच्या सौजन्यामुळे अंगावर येतो. बंदुकीच्या विरोधात उभे राहता येते. हे अगदी कायदेशीर आहे असे हसत सांगणाऱ्या माणसापुढे काय करायचे, हे एरिकला कळत नाही.

दोषही आहेत. दोन महायुद्धांमधला आणि नंतरचा एकही ऐतिहासिक टप्पा सुटू नये अशी लेखकाची धडपड जाणवते. गुप्त शाळा, निवड, आघाडी, पलायन, धरण : प्रत्येक स्थानकावर गाडी थांबलीच पाहिजे. मुलाचे नाझी होणे तर मला मुद्दाम बसवलेले वाटले. प्रत्येक मताला घरात एक प्रतिनिधी हवा म्हणून तो तसा झाला आहे. डोंगरातल्या पलायनाचे प्रसंग वेगवान आहेत, पण तिथला डोंगर कुठलाही डोंगर असू शकला असता.

इथून माझ्या मुख्य आक्षेपाकडे येतो.

४

त्रिना कोणत्या भाषेत लिहिते? जर्मन वळणात वाढलेल्या मुलीला तिची आई जर्मनमध्येच लिहील. पण आपण वाचतो ती कादंबरी लिहिली गेली इटालियनमध्ये. म्हणजे जी भाषा या बाईच्या वर्गात जबरदस्तीने घुसली, ज्या भाषेतल्या सूचनेने तिचे गाव बुडवले, त्याच भाषेत तिचे दुःख बोलते झाले. लेखक मिलानचा, १९७८ सालचा जन्म, पेशाने शिक्षक. पर्यटक म्हणून तिथे गेलेल्या या माणसाने मनोऱ्यापुढे छायाचित्रे काढणारी गर्दी पाहिली आणि त्या मनोऱ्याखाली काय आहे हे विचारले.

हा कादंबरीचा दोष आहे का? सुरुवातीला मला तसे वाटले. त्रिना आपल्या गावाला सबंध पुस्तकभर 'कुरोन' म्हणते, इटालियन नावाने. घरात ती कधी असे म्हणाली असती का? आमच्याकडे 'बेळगाव' की 'बेळगावी' या एका अक्षरावरून किती पाणी वाहिले आहे हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना ते नाव पानोपानी टोचल्याशिवाय राहणार नाही.

पण विचार करता मत बदलले. उद्या एखाद्या कन्नड लेखकाने आपल्या भागातल्या मराठी शिक्षिकेवर कन्नडमध्ये अशी कादंबरी लिहिली, आणि बंगळूर-धारवाडच्या हजारो वाचकांनी ती डोळ्यांत पाणी आणून वाचली, तर मी तिला नाव ठेवीन का? अन्यायाची गोष्ट अन्याय सोसणाऱ्यांनी आपसांत सांगणे सोपे असते. ती ज्यांच्या भाषेने तो अन्याय केला त्यांना त्यांच्याच भाषेत ऐकू जाणे अवघड. बाल्झानोने ते केले. पुढे २०२० मध्ये ही कादंबरी जर्मनमध्ये गेली आणि तिथेही मोठ्या संख्येने वाचली गेली.

याच्या उलट बाजूचेही एक उदाहरण त्याच मुलखात आहे. मेरान गावी जन्मलेले योझेफ त्सोडेरर (१९३५–२०२२) या जर्मन लेखकाची १९८२ ची कादंबरी 'दी वाल्शे'. 'वाल्श' हा तिथल्या जर्मनांचा इटालियनांसाठीचा तुच्छतादर्शक शब्द. डोंगरातल्या जर्मन खेड्यातली एक मुलगी शहरात एका इटालियन माणसाबरोबर राहते, बापाच्या अंत्यविधीसाठी गावी येते, आणि तिचे स्वतःचेच गाव तिला 'वाल्शे' ठरवते. ती कादंबरी मला वाचता आलेली नाही, पण तिचा हा विषयच पुरेसा बोलका आहे. ज्या समाजाने आपली भाषा तळघरात जपली, त्याच समाजाने त्या भाषेची भिंतही बांधली, हे तिथल्या जर्मन लेखकाने स्वतःच्या लोकांना सांगितले. बाल्झानो आणि त्सोडेरर, दोघांनीही आपापल्या घराविरुद्ध साक्ष दिली. साहित्यात सीमाप्रश्न असा आला तर त्याला काही मोल.

५

तेव्हा माझा आक्षेप इटालियनवर नाही. तो या कादंबरीतल्या 'जर्मन'वर आहे.

त्रिनाच्या जगात भाषा दोन नव्हत्या, तीन होत्या. कचेरीतले इटालियन, तळघरात शिकवलेले पुस्तकी जर्मन, आणि चुलीपाशी बोलली जाणारी तिरोली बोली. पुस्तकी जर्मन आणि ही बोली यांत मोठे अंतर आहे. बर्लिनच्या माणसाला फिन्शगाऊच्या शेतकऱ्याचे बोलणे सहज कळणार नाही. म्हणजे भुयारी शाळेत मुले गुपचूप शिकत होती तीही त्यांच्या घरातली भाषा नव्हती. कादंबरीत, निदान माझ्या हातच्या अनुवादात, ही तिसरी भाषा ऐकूच येत नाही. बोली आणि ग्रंथभाषा एकजीव होऊन त्यांचे एक निशाण झाले आहे, आणि निशाणाला आवाज नसतो.

बोली गेली की तिच्याबरोबर उतारही जातो. फिन्शगाऊच्या खालच्या अंगाला खोऱ्याच्या दोन बाजू दोन निराळे देश असल्यासारख्या आहेत. दक्षिणेला तोंड केलेला 'झोनेनबेर्ग', म्हणजे उन्हाचा डोंगर : रखरखीत, पिवळ्या गवताचा. समोर सावलीचा डोंगर : गर्द झाडीचा. पाऊस फार थोडा, वर्षाला जेमतेम ५०० मिलिमीटर. म्हणून शेकडो वर्षांपूर्वीपासून तिथल्या लोकांनी हिमनद्यांच्या ओढ्यांपासून उताराच्या अंगाने पाट काढले. कुठे मातीत खोदलेले, कुठे कड्याला टेकवलेल्या लाकडी पन्हळीतले. या पाटाला त्यांचा शब्द 'वाल'. पाणी पाळीने मिळे. पाटावर एक राखणदार असे, आणि प्रवाहात एक छोटे चाक बसवून त्याला हातोडी व घंटा जोडलेली असे. पाणी वाहते तोवर घंटा वाजत राही. घंटा थांबली की राखणदाराने ओळखायचे, वर कुठेतरी पाट फुटला.

'वाल' हा शब्द जर्मन वाटतो, पण अभ्यासक त्याचे मूळ लॅटिनपर्यंत नेतात. कारण हे खोरे नेहमीच जर्मन नव्हते. इथे आधी रोमान्श बोलत, जी आज स्वित्झर्लंडच्या काही खोऱ्यांत टिकून आहे. सतराव्या शतकात याच खोऱ्यातल्या मारिएनबर्ग मठाने तिच्यावर बंदी आणली, कारण ती पलीकडच्या प्रॉटेस्टंट शेजाऱ्यांची भाषा होती. हळूहळू ती संपली. उरली ती गावांच्या नावांत, शेतांच्या नावांत आणि पाटाच्या पाण्यात. तोलोमेईने जे १९२३ मध्ये जर्मनचे केले, ते धर्माच्या नावाने रोमान्शचे तीनशे वर्षे आधी झाले होते. त्यामुळे तोलोमेई निर्दोष ठरत नाही. पण 'ही भूमी अनादि काळापासून आमच्या भाषेची' असे म्हणणाऱ्याने पायाखालची माती एकदा उकरून पाहावी.

बाल्झानोच्या कादंबरीत पाणी येते ते फक्त शत्रू म्हणून. ज्या खोऱ्याने पाणी थेंबाथेंबाने मोजून वाटून घेतले, त्याच खोऱ्याच्या माथ्यावर शहरांच्या विजेसाठी एवढे पाणी कोंडले गेले, हा केवढा विपर्यास! त्या उताराचे शब्द लेखकाच्या कानावर असते तर हा विपर्यास त्याच्या हातून निसटला नसता. मनोरा त्याने पाहिला, तो कोणालाही दिसतो. पाटावरची घंटा त्याने ऐकली नाही.

६

आता ठरवल्याप्रमाणे आपला प्रश्न.

मी एकतीस वर्षे खानापूर तालुक्यातल्या एका मराठी शाळेत मराठी शिकवले. शाळा टिकावी म्हणून मोर्च्यांत गेलो, एक नोव्हेंबरला काळी फीत लावली, निवेदने लिहिली. त्याचा पश्चात्ताप नाही. पण त्रिनाचे पुस्तक मिटले तेव्हा मला एक निबंधाची वही आठवली. घाटाकडच्या एका वाडीतला मुलगा, सातवीतला. विषय होता 'आमच्या गावचा पावसाळा'. त्याने लिहिले होते की व्हाळाला पाणी आले की आमची वाट बंद होते, आणि आजी दारात बसून, 'काय करूलालाय रे पाऊस,' म्हणते. मी लाल शाईने 'व्हाळ' खोडून 'ओढा' केले. 'करूलालाय' खोडून 'करीत आहे' केले. खाली शेरा दिला : 'शुद्ध मराठी लिहावे.' पुढच्या निबंधात त्याची आजी नव्हती, वाटही नव्हती. एका पुस्तकातला पावसाळा होता, शुद्धलेखनाची एकही चूक नसलेला. मी त्याला दहापैकी आठ गुण दिले.

'वाल' आणि 'व्हाळ' यांचे भाषाशास्त्रीय नाते काही नाही, हा निव्वळ ध्वनीचा योगायोग. पण 'वाल' वाचताना त्या वहीचे पान डोळ्यांपुढे उभे राहिले ते हटेना. बाहेरच्या भाषेविरुद्ध मी मराठीचा राखणदार होतो, आणि त्याच वेळी माझ्याच वर्गात तोलोमेईची एक छोटी यादी घेऊन बसलो होतो. सत्तेची जबरदस्ती आणि मास्तरची लाल शाई सारखी नव्हे, हे मला कळते. तोलोमेईच्या मागे पोलीस होते, माझ्या मागे फक्त पुण्याहून आलेले व्याकरण होते. तरीही मुलाच्या बाजूने पाहिले तर परिणाम एकच : घरातला शब्द घरातच ठेवायचा.

बाल्झानोवर घेतलेला आक्षेप असा माझ्याकडेच परत आला. त्याने बाहेरून येऊन जे केले, ते आम्ही सीमाभागातल्या लेखकांनी आणि शिक्षकांनी घरात बसून केले. आमच्या कथा-कवितांत 'मराठी' फार आहे, मराठ्या कमी आहेत. खानापूरची वेगळी, निपाणीची वेगळी, कारवारच्या अंगाची आणखी वेगळी. लढ्याला एक मराठी लागते हे खरे. साहित्याला मात्र त्या सगळ्या लागतात. आणि ज्या भाषेत शेजारच्या कन्नडचे शब्द आपल्या पायांनी चालत येऊन घरचे झाले आहेत, ती साहित्यात आणताना आपण ते शब्द गाळून घेतो, जणू पाणी गढूळ आहे. त्सोडेररसारखे आपल्याच लोकांना आरसा दाखवणारे पुस्तक आमच्याकडे लिहायचे कुणी, हा प्रश्न मी स्वतःसकट सर्वांना विचारतो.

७

आज त्या खोऱ्यात परिस्थिती वेगळी आहे. १९४६ चा करार, मग १९७२ ची व्यापक स्वायत्तता. त्रिनाला जे तळघरात शिकवावे लागले ते आज तिथल्या जर्मन शाळांत उघड शिकवले जाते, आणि कचेरीचा कागद दोन्ही भाषांत निघतो. ग्राउनची बहुतेक सगळी वस्ती आजही जर्मन बोलते. नवे गाव तळ्याच्या वरच्या काठावर, उताराला वसले. १९५० च्या जुलैत मनोऱ्यातल्या घंटा काढून नेल्या, पण हिवाळ्यात तळे गोठले की त्या वाजताना ऐकू येतात अशी तिथे आख्यायिका आहे. २०२१ मध्ये दुरुस्तीसाठी तळे काही काळ रिकामे केले तेव्हा चिखलातून जुन्या भिंती, पायऱ्या, तळघरे वर आली. म्हणजे घरे सत्तर वर्षे खाली होतीच.

ही कादंबरी मराठीत यायला हवी असे माझे मत आहे. ती महान नाही, पण प्रामाणिक आहे, आणि शेजाऱ्याचे दुःख आपल्या भाषेत मांडण्याचे धैर्य तिच्यात आहे. अनुवाद शक्यतो मूळ इटालियनवरून व्हावा, आणि अनुवादक आपल्या भागातला असावा. त्याने त्रिनाला कचेरीपुढे प्रमाण मराठीत बोलू द्यावे, आणि चुलीपाशी एरिकशी बोलताना मात्र घाटाकडच्या बाईसारखे. मूळ लेखकाला जे ऐकू आले नाही ते अनुवादात ऐकू येणे अशक्य नाही.

तो अनुवाद छापायला जाण्यापूर्वी कोणी मला तपासायला दिला, तर मी तो आनंदाने तपासीन. 'व्हाळ' आढळला तर त्याला हात लावणार नाही.